दीड मिनिटाची मारामारी

मोतीबिंदू काढल्यावर माणसाला दोन गोष्टी मिळतात. डॉक्टरांनी दिलेला काळा गॉगल आणि नको इतकी स्वच्छ दृष्टी. ऑपरेशननंतर चौथ्याच दिवशी मी आमच्या हिला म्हणालो, "अगं, या भिंतीला एवढे पोपडे कधी आले?"

"चार वर्षं झाली. बेसिनवरच्या आरशात अजून पाहिलं नाहीत वाटतं?"

पाहिलं. तेव्हापासून डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जरा जास्तच दिवस मी गॉगल वापरला.

त्या अवतारात मला बघून आमच्या भाच्याला एका इंग्रजी सिनेमाची आठवण झाली. "मामा, हा तुम्ही बघायलाच पाहिजे," म्हणत त्यानं एका रविवारी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. 'दे लिव्ह', साल १९८८, दिग्दर्शक जॉन कारपेंटर. विज्ञानपट म्हटल्यावर मी रॉकेटची वाट बघत बसलो. पण सिनेमा सगळा तीस-चाळीस लाख डॉलरांत उरकलेला. हॉलिवूडच्या हिशेबानं म्हणजे रजिस्टर लग्नच! नायकसुद्धा रॉडी पायपर नावाचा, कुस्तीच्या रिंगणातून उचलून आणलेला. आणि विज्ञानाचा चमत्कार म्हणाल तर एक साधा काळा गॉगल.

हा नायक बेकार मजूर. काम शोधत लॉस एंजेलिसला येतो, झोपडवस्तीत राहतो आणि त्याला खोकंभर गॉगल सापडतात. गॉगल लावला की जग एकदम कृष्णधवल. रस्त्यावरच्या रंगीत जाहिरातींच्या जागी नुसते हुकूम : 'आज्ञा पाळा', 'खरेदी करा', 'झोपून राहा'. नोटेवर लिहिलेलं, 'हा तुझा देव.' आणि बड्या, तुकतुकीत लोकांपैकी बरेचसे कवटीसारख्या तोंडाचे, परग्रहावरून आलेले! रेगनच्या राजवटीत अमेरिकेत पैशाला जो ऊत आला होता, त्यावरचा हा कारपेंटरचा राग.

इथपर्यंत मी मजेत होतो. पुढे नायक आपल्या फ्रँक नावाच्या मित्राला म्हणतो, हा गॉगल लावून बघ. फ्रँक नको म्हणतो. त्याची बायकामुलं दूर डेट्रॉइटला, हातात कशीबशी एक नोकरी. त्याला नसती भानगड नकोय. एवढ्यावरून त्या गल्लीत दोघांची जी जुंपते, ती पाच मिनिटांहून जास्त चालते. थांबतात, धापा टाकतात, पुन्हा भिडतात. भाचा खो खो हसत होता. मीही हसलो. "अरे, घाल की बाबा एकदाचा!" असंही ओरडलो.

आणि मग हसू मावळलं, कारण मला माझा एक बालमित्र आठवला.

निवृत्त झाल्यावर त्यानं फंडाचे पैसे एका योजनेत टाकायचं ठरवलं. अठरा महिन्यांत दामदुप्पट. मी जन्म बँकेत काढलेला माणूस. 'दामदुप्पट' या शब्दामागे काय आहे ते बघायला मला गॉगल लागत नाही. मी त्याला म्हणालो, "अरे, हे बुडणारं आहे." तो म्हणाला, "तुला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही." मला राग आला. मी चहा संपवला आणि चपला घालून निघालो. एकंदर दीड मिनिट.

वर्षाच्या आत योजना गेली, पैसे गेले.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचं त्याला कळतं, आपण कोण जबरदस्ती करणार? खरं आहे. शिवाय प्रत्येकाला आपल्याच खिशातला गॉगल अस्सल वाटतो. त्या योजनेचा एजंटसुद्धा "काका, डोळे उघडा, जग कुठे चाललंय बघा" असंच म्हणाला होता. खुद्द या सिनेमाचं काय झालं? ज्यूंचा द्वेष करणाऱ्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. शेवटी २०१७ साली कारपेंटरला जाहीर करावं लागलं, की बाबांनो, हा सिनेमा मोकाट भांडवलशाहीवर आहे. तेव्हा सत्य दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला घरात घेऊ नये.

मी आपली एक साधी खूण ठरवली आहे. गॉगल देणाऱ्याला त्यातून काय मिळतंय ते बघावं. कमिशन मिळत असेल तर दार लावावं. ठोसे मिळत असूनही तो जात नसेल, तर निदान विचार करावा. त्या एजंटला कमिशन होतं. मला एक ठोसा बसला आणि मी घरी आलो.

पुढे मित्रानं एकदा विचारलं होतं, "तुला माहीत होतं ना रे?"

"मी सांगितलं होतं तुला."

"हो," तो म्हणाला, "एकदा."

बस्स, एवढंच. अजूनही तो संध्याकाळी चहाला येतो. हल्ली त्याची साखर वाढली आहे आणि तो डॉक्टरांकडे जायचं नाव काढत नाही. परवा त्यानं कपात तिसरा चमचा साखर घालायला घेतली आणि मी त्याचा हात धरला.

"सोड."

"नाही सोडत. उद्या रक्त तपासायला चल."

"तू कोण सांगणार?"

झटापटीत चमचा पडला, बशी फुटली. आतून ही ओरडली, "अहो, काय चाललंय काय या वयात?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नव्या डोळ्याला सेकंदकाटासुद्धा स्वच्छ दिसत होता. जेमतेम दोन मिनिटं झाली होती. मी हात सोडला नाही.