अज्ञात इसम

टिटवाळ्याच्या फलाटावर पहाटेच्या लोकलची वाट बघताना एकच पेपर दहा हातांतून फिरतो. ‘अज्ञात इसमांच्या हल्ल्यात पत्नी ठार, पती जखमी’ असली बातमी असली की कुणीतरी बोलतंच, वीटभट्टीवरचे असतील. दुसरा म्हणतो, झोपडपट्टीतले. तिसरा आंबिवलीच्या इराणी वस्तीकडं बोट दाखवतो. पंचनाम्याची शाई वाळलेली नसते, पण अज्ञात इसमाला जात मिळालेली असते. रडणाऱ्या नवऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, बाबा, तू तेव्हा काय करत होतास?

मित्रांनो, बायकोला मारून परक्यावर ढकलणारा नवरा खुनी आहे, यात वाद नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. त्याचं खोटं जे घटकेत गिळतात, ते निर्दोष कसे?

1972 साली इथल्या पोरांनी ज्या ब्लॅक पँथरचं नाव आपल्या संघटनेला लावलं, त्या पँथरच्या देशातली ही गोष्ट. बोस्टन शहर, 23 ऑक्टोबर 1989. चार्ल्स स्टुअर्ट हा गोरा माणूस. गाडीत त्याच्या गरोदर बायकोला, कॅरलला, गोळी लागली. त्याच्याही पोटात गोळी. तो म्हणाला, एका काळ्यानं लुटलं आणि गोळ्या घातल्या. बस्स! मिशन हिल वस्तीतल्या काळ्या पोरांना पोलिसांनी भर रस्त्यात उभं करून झडत्या घेतल्या. फाशी परत आणा म्हणून पुढारी ओरडले. ओळखपरेडीत स्टुअर्टनं विली बेनेट या काळ्या माणसाकडं बोट केलं. मग स्टुअर्टच्या सख्ख्या भावानं तोंड उघडलं. खून नवऱ्यानंच घडवलेला होता. 4 जानेवारी 1990 ला त्यानं पुलावरून उडी घेतली. कॅरल गेली, तिचं बाळ 17 दिवसांनी गेलं. शहरानं बेनेटची माफी मागितली ती डिसेंबर 2023 मध्ये. चौतीस वर्षांनी!

स्टुअर्टनं खोटं नवीन रचलं नाही. लोकांच्या मनात ते तयारच होतं. त्यानं फक्त बोट दाखवलं.

आता आपल्या मुलखात या. महाराष्ट्रातल्या एका खेड्यात सून मेली. सासरकडून माहेरी सांगावा गेला, साप चावला. शवविच्छेदनात निघालं, गळा दाबलाय. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याची शिक्षा कायम केली आणि सांगितलं, घराच्या आत असा गुन्हा झाला की पहिला पुरावा सरकारनंच द्यायचा, पण घरात असणाऱ्यांनाही खुलासा द्यावा लागेल, गप्प बसून सुटता येणार नाही. बघा, खुन्यानं आळ घालायला साप निवडला. सापाला साक्ष देता येत नाही. बेनेटला तोंड होतं, पण त्याचं ऐकायला कान नव्हते. परका निवडताना खुनी एवढंच बघतो, की याचं कोण ऐकणार?

ऐकलं नाही की काय होतं, तेही इथंच घडलंय. 2003 सालच्या एका दरोडा-खुनात भटक्या जमातीतले सहा जण धरले. 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांची फाशी मान्य केली. त्याच न्यायालयानं मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षांच्या जिंदगीचे 5 लाख. इथं नवरा-बायकोचा मामला नव्हता. पण संशय त्याच वाटेनं गेला. 1871 साली इंग्रजानं अख्ख्या जमाती कायद्यानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 ला गेला. फलाटावरच्या माणसाच्या तोंडून तो अजून गेलेला नाही.

इथवर तुम्ही माना डोलवल्या असतील. आता घरात या. आपल्या वस्तीत एखादी बाई जळून मरते. नवरा म्हणतो, स्टोव्ह भडकला. रात्री आरडाओरडा सगळ्या चाळीनं ऐकलेला असतो. पण आपण मयताला जातो, खांदा देतो आणि गप्प बसतो. का, तर समाजाची बदनामी नको! तिथं आपणच बोस्टन होतो. बाईंच्या हक्कासाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या, ते रखडवलं म्हणून 1951 ला मंत्रिपदावर लाथ मारणाऱ्या बाबासाहेबांचं नाव घ्यायचं आणि मेलेल्या बाईपेक्षा अब्रू मोठी मानायची, हे चालणार नाही.

म्हणजे रडणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला खुनी म्हणायचं का? नाय. लुटारू खरेही असतात, आणि खरंच बायको गमावलेल्या माणसाला छळणं हेही पापच. मी एवढंच म्हणतो, वस्तीतल्या पोराला जो प्रश्न विचारता तोच घरधन्यालाही विचारा, आणि दोघांकडूनही पुरावाच मागा, जात नको. आपलं पोरगं उचललं की चौकीवर मोर्चा न्यायचाच. पण आपलाच कुणी खोटं बोलत असेल, तर त्याच चौकीत उभं राहून खरं सांगायची छाती हवी.

दर वेळी अज्ञात राहते ती मेलेली बाई. तिला काय सोसावं लागत होतं, हे आपण ती जिवंत असताना कधी विचारलं?