सणाचं माप

खालच्या मजल्यावरचे दादा जहाजबांधणीतले निवृत्त इंजिनियर आहेत आणि त्यांना इतिहासाची नको तितकी आवड आहे. माझ्या हातातलं गाडीचं माहितीपत्रक उलटसुलट चाळून ते म्हणाले, "म्हणजे बर्गी या खेपेला घोडे सोडून हे घेऊन येणार?" कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हा विनोद पाठ असतो. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी, म्हणजे बर्ग्यांनी, १७४२ पासून बंगालची काय दशा केली ते इथं पुन्हा सांगत नाही. त्या धास्तीनं या शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो कधी पुरा झाला नाही, आणि १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड केला. शहरातला एक हमरस्ता आपल्या भीतीवर बांधलेला आहे, ही गोष्ट नागपूरच्या माणसाला थोडी सुखावतेच. खोटं कशाला बोलू!

पण जाता जाता दादा आणखी एक वाक्य बोलले, ते मात्र रुतून बसलं. "तुम्ही दोघं. आणि गाडी सातांची?"

गाडी नवी आहे. २७ नोव्हेंबर २०२५ ला बाजारात आली, चाकणला तयार होते, विजेवर चालते. महिंद्रा एक्सईव्ही ९एस. आली तेव्हा किंमत १९.९५ लाखांपासून पुढे. लांबी पावणेपाच मीटरच्या घरात, डॅशबोर्डवर तीन पडदे, आणि मागे बसणाऱ्याची इतकी बडदास्त की पत्रक वाचतानाच डोळा लागावा. ते पाठवलं माझ्या भाच्यानं. तो पुण्याला असतो, वाहनउद्योगातच नोकरी करतो आणि आपल्या मामाची छोटी गाडी म्हणजे खानदानाची अब्रू गेली, असं त्याचं मत आहे.

कोलकात्यातल्या आमच्या गार्डन रीचमध्ये या प्रश्नाचा विचार करायचा, तर मला माझ्या आईनं केलेला एक भेद आठवतो. नागपूरला मोतीबागेतल्या रेल्वेच्या घरात आई भांड्यांचे दोन वर्ग करायची. रोजची आणि सणाची. रोजची हाताशी, फळीवर. सणाची आमच्याकडे नव्हतीच. मुंजीला, लग्नाला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला मोठे गंज, पराती, सतरंज्या वस्तीच्या मंडळातून यायच्या, वहीवर सही करून, आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत जायच्या. अख्ख्या वस्तीचे सण त्याच दहा-बारा भांड्यांवर पार पडायचे. सणाचं माप वेगळं, रोजचं माप वेगळं. सणाचं माप रोज घरात बाळगू नये, ते सगळ्यांत मिळून एक असावं. मला वाटतं, मध्यमवर्गाचं सगळं अर्थशास्त्र या एका नियमात होतं. मोटारगाडीनं तो मोडला. वर्षातून चारदा सात माणसं जमतील म्हणून उरलेले दिवस एकट्या माणसानं सात जागा ओढत भाजी आणायला जायचं, हे त्या वहीत बसत नाही.

आणि सणाचं माप रोज वापरण्याचा हट्ट काय करतो, हे शिकायला गार्डन रीचइतकी चांगली शाळा नाही. अवधचं राज्य गमावलेले वाजिद अली शाह १८५६ मध्ये इथं आले आणि मटियाबुर्जला त्यांनी दुसरं लखनौ उभारलं. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा त्यांच्यामुळे आला, ही गोष्ट सगळे सांगतात, ती सोडून देऊ. मला त्यांचं प्राणिसंग्रहालय जास्त बोलकं वाटतं. वर्षाला बारा लाखांचं पेन्शन, त्यात महाल, गवय्ये, कबुतरं, वाघ, साप! १८८७ मध्ये नवाब वारले आणि सरकारनं तो संसार मोडीत काढला. त्याच साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, जिचं मुख्यालय पुढे इथंच नदीकाठी आलं. १९५५ पासून ती दक्षिण पूर्व रेल्वे झाली. २००३ मध्ये नागपूर विभाग बिलासपूरच्या मुख्यालयाकडे जाईपर्यंत आमच्या मोतीबागेत 'गार्डन रीच' हे गावाचं नाव नव्हतंच. बदली, बढती, खरडपट्टी जिथून यायची ती जागा म्हणजे गार्डन रीच. मीही अशाच एका ऑर्डरवर इथं आलो आणि राहिलो.

रेल्वेतही असलं ऐषारामी कौटुंबिक वाहन होतंच. त्याला सलून म्हणत. साहेबाचा डबा: झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, सोबत खानसामा, आणि मागच्या टोकाला रूळ न्याहाळायला मोठी काच. लहानपणी नागपूरच्या यार्डात उभं असलेलं सलून आम्ही लांबून बघायचो. आत दिवा असायचा. पण त्या थाटाला एक मर्यादा होती. तो पदाचा होता, माणसाचा नव्हता. निवृत्तीच्या दिवशी साहेब सलूनमधून उतरायचा तो कायमचा. डबा यार्डात राहायचा, दुसऱ्यासाठी. म्हणजे तेही वहीवर सही करून आणलेलं भांडंच म्हणायचं, फक्त वही सरकारची. २०१८ मध्ये असे काही डबे पैसे भरून सामान्यांना प्रवासाला मिळू लागले, तेव्हा मला ते योग्य वाटलं.

याच्या उलट टोकाचा माणूस आपलाच होता. मधू दंडवते. रेल्वेमंत्री असताना त्यांनी २६ डिसेंबर १९७७ ला हावडा आणि मुंबई यांच्यामध्ये गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. तिला वरचा वर्गच नव्हता, सगळी गाडी दुसऱ्या वर्गाची. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम चढवायचा निर्णयही त्यांचाच. त्या दोन इंचांचं मोल आज कोणाला समजावून सांगता येणार नाही. हावडा ते नागपूर लाकडावर काढलेल्या रात्री ज्यांच्या बरगड्यांना आठवतात त्यांनाच ते कळेल. दंडवत्यांनी सणाचं माप कोणाला दिलं नाही, रोजचं माप दोन इंचांनी वाढवलं, आणि तेही सगळ्यांचं. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर या देशात ऐषारामावर झालेलं ते सर्वांत शहाणं भाष्य आहे.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, फोम ठीक आहे. पण सुरक्षिततेचं काय?"

त्याचे बाकीचे मुद्दे मी निकालात काढले होते. उंच बसल्यावर गुडघ्यांना बरं पडतं, हे मान्य, स्टुलावरही पडतं. विजेचा खर्च पेट्रोलपेक्षा कमी, हेही मान्य. चालत गेलं तर आणखी कमी. (हा युक्तिवाद नव्हे, हे तोही म्हणाला.) पण सुरक्षिततेचं बोलणं गंभीर आहे. 'भारत एनकॅप' ही टक्कर-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि लोक आता गाडी घेताना तिचे तारे मोजतात, ही चांगलीच गोष्ट झाली. फक्त ते तारे मुख्यतः आत बसलेल्यांचे आहेत. आमचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, मटियाबुर्जच्या दर्जींच्या कपड्यांची गाठोडी लादलेल्या सायकलव्हॅन, शाळेची पोरं, आणि खिदिरपूरचा पूल जहाजासाठी उचलला की दोन्ही बाजूंना खोळंबलेली ही सगळी जत्रा. ट्रेलरपुढे माझी पावणेपाच मीटरची गाडीही चिमणीच. आणि सायकलव्हॅनवाल्यापुढे मीच ट्रेलर. अमेरिकेतल्या महामार्ग-सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाळीस इंचांहून उंच नाकाड असलेली वाहनं, तीस इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा, पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त, असं त्यात निघालं. म्हणजे माझी सुरक्षितता काही अंशी तरी दुसऱ्याच्या खिशातून काढलेली. भाचा म्हणाला, "पण मामा, तुम्ही हळूच चालवता." यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण मी खरंच हळू चालवतो.

मग तो कराकडे वळला. इथं जरा रेंगाळायला हवं, कारण ऐषाराम म्हणजे काय हे आपल्याकडे पट्टीनं मोजून ठरतं आणि त्यासारखी करमणूक नाही. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आत ती छोटी गाडी. इंजिन पेट्रोलचं असलं तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असलं तर १५०० पर्यंत. त्यामुळे कंपन्यांनी चांगल्या गाड्यांच्या डिक्या कापून त्या चार मीटरांत कोंबल्या. पुढे जीएसटी आला. एसयूव्ही कशाला म्हणायचं, तर चार मीटरहून लांब, १५०० सीसीहून मोठं इंजिन, आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर उंची. तिच्यावर २८ टक्के कर आणि वर २२ टक्के उपकर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते गणित बदललं: छोट्यांना १८, मोठ्यांना सरसकट ४०. विजेच्या गाडीला मात्र पाच, मग ती केवढीही असो. आता गंमत पाहा. पलीकडे हुगळीच्याच काठी, उत्तरपाड्याला, २०१४ पर्यंत अँबेसेडर बनत होती. चार मीटरहून लांब, पंधराशेच्या आसपास सीसी. सरकारी कारकुनाची, टॅक्सीवाल्याची, आमच्या वस्तीतल्या प्रत्येक वरातीची गाडी. ती आज बनली असती तर ४० टक्क्यांत गेली असती. आणि तीन पडद्यांची, मसाज घेतल्यासारखी बसवणारी ही गाडी पाच टक्क्यांत.

पण अँबेसेडरचं नाव निघालं आणि माझाच युक्तिवाद लंगडू लागला. ती गाडी पाचांची होती ना? आम्ही तिच्यात नऊजण गेलोय. मांडीवर, दाराला टेकून, पुढच्या सलग बाकावर ड्रायव्हरला चेपून. रोजचं माप सणाला ताणलं जायचं, म्हणून सणाचं माप वेगळं लागायचं नाही. आजच्या गाडीत प्रत्येकाला स्वतंत्र आसन, स्वतंत्र पट्टा. ते बरोबरच आहे, पोराला मांडीवर घेऊन पुढे बसणं मूर्खपणा होता. पण त्यामुळे पाच म्हणजे पाच. सहावा माणूस आता चेपून बसत नाही, तो घरी राहतो.

कोण राहतं घरी, ते मी मनात मोजलं. गणपतीत हाजरा रोडला महाराष्ट्र निवासात जायचं असतं, तेव्हा मुलगी, जावई, नातवंडं आलेली असतात. आत्याही तेव्हा माझ्याकडेच असते. दर वेळी तीच म्हणते, "मी कशाला? मला बाई गर्दी सोसत नाही." तिला गर्दी छान सोसते. गणपतीच्या आरतीत तिचा आवाज आमच्या सगळ्यांच्या वर असतो. तिला सोसत नाही ते तिच्यासाठी दुसरी गाडी बोलवावी लागणं. माझा नियम होता की सणाचं माप भाड्यानं आणावं. गंज आणि सतरंजी भाड्यानं आणताना कोणाला अपराधी वाटत नाही. पण भाड्याची दुसरी गाडी कोणा एका माणसाच्या नावानं येते, आणि म्हातारी माणसं ती आपल्या नावावर चढू देत नाहीत. मंडळाच्या वहीनं ही गोष्ट शिताफीनं टाळली होती. तिथं भांडी समारंभाच्या नावानं यायची, पाहुण्याच्या नाही.

यावरून मी जिथं निघालो नव्हतो तिथं पोचलो. रोजचं माप वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. आपण दोन खोल्यांचं घर घेतलं, चार खुर्च्यांचं टेबल घेतलं, पाचांची गाडी घेतली, काटकसर म्हणून, आणि प्रत्येक वेळी कोण मोजायचं आणि कोण नाही हेही नकळत ठरवून टाकलं. सण विरळ झाले म्हणून मोठ्या वस्तू नकोत, असं मी म्हणत होतो. मोठ्या वस्तू नव्हत्या म्हणूनही ते थोडे विरळ झाले असतील. सात जागा ही चैन नाही, असं आता मला वाटतं.

चैन वेगळीच आहे. या जातीच्या गाड्यांत सगळं वैभव पहिल्या दोन रांगांत असतं. थंड हवा सोडणारी आसनं, मागे रेलायची सोय, पायाखाली ऐसपैस जागा. तिसऱ्या रांगेत शिरायचं तर पुढचं आसन दुमडून, कंबर वाकवून, आणि बसल्यावर बहुतेक गाड्यांत गुडघे छातीपाशी. तिथं सामान ठेवावं तर माणूस नको, माणूस बसवावा तर सामानाला जागा नाही. म्हणजे सात जागांच्या नावाखाली घेतलेला ऐषाराम मालकाच्या वाट्याला, आणि ज्याच्यासाठी सात जागा घेतल्या तो पाहुणा डिक्कीच्या शेजारी. सलूनमध्येही खानसामा टोकालाच असायचा, पण तो नात्यातला नव्हता.

तेव्हा भाच्याला कळवलंय की सात जागांची गाडी घेणार, हे ठरलं. हीच घेईन असं नाही. चार मीटरच्या आतही तीन रांगांच्या गाड्या मिळतात, त्यांतल्या काहींची नाकंही बुटकी असतात आणि दादांच्या फाटकातून त्या वळतील. ट्रायल घ्यायची तर हीही घेऊ, पण मी चालवणार नाही. मी सगळ्यात मागे बसणार, गार्डन रीच ते हाजरा रोड, आणि येताना आत्या. भाचा म्हणतो, शोरूमवाले असं कधी कोणाला बसवत नाहीत. बसवावं लागेल. हीच घेतली तर चार्जिंगच्या पॉइंटचं दादांशी बोलायचं आहे, कारण मीटर त्यांच्या जिन्याखाली आहे, आणि बायकोनं विचारलंय की रात्री आरतीहून परतताना या वयात गाडी चालवणार कोण.