खोट्या बंदुकीचे खरे भय

बंदूक खोटी असेल तर तिच्यावर कायद्याने बंधन घालावे काय, हा प्रश्न आपल्याकडे कुणी फारसा विचारत नाही. दिवाळीत टिकल्या फोडायचे पिस्तूल आणि ईदच्या दिवशी ईदीच्या पैशांतून घेतलेली छर्र्यांची प्लॅस्टिकची बंदूक, दोन्ही आपल्या पोरांच्या हाती सर्रास दिसतात. चार दिवसांत स्प्रिंग तुटते आणि विषय मिटतो. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यालाही ही खेळणी घरात आहेत तोवर त्यांच्याशी काही देणेघेणे नाही. खोट्या बंदुकीची खरी बंदूक बनवायची तर परवाना लागतो आणि अटक टाळण्यासाठी खोटी बंदूक रोखली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, एवढेच. मात्र खोट्या बंदुकीची त्या कायद्यातली व्याख्या थोडे थांबून वाचावी अशी आहे. जिचे रूप बंदुकीचे ती खोटी बंदूक, मग तिच्यातून गोळी सुटो अगर न सुटो. म्हणजे कायदा इथे रूपाला हात घालतो. आणि रूप म्हटले की ते पाहणारा कुणीतरी आलाच. आम्हाला त्या पाहणाऱ्याविषयी बोलायचे आहे.

या बाबतीत सर्वात बारकाईने विचार केला तो ब्रिटनने. तिथे 2006 साली हिंसक गुन्ह्यांना आळा घालणारा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 2007 पासून हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी खोटी बंदूक बनवणे, परदेशातून आणणे आणि विकणे हा गुन्हा ठरला. लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, गुलाबी, जांभळी, निळी अशी भडक रंगाची किंवा आरपार दिसणारी चालेल, काळी-करडी चालणार नाही. गुलाबी पिस्तूल घरी आणून त्याला काळा रंग फासला, तर तो रंग फासणे हासुद्धा गुन्हा. 1870 पूर्वीच्या धाटणीच्या बंदुकांची नक्कल मात्र चालते. तोड्याच्या बंदुकीची प्रतिकृती घेऊन आजकाल कुणी दुकान लुटायला जात नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. संग्रहालये, नाटक, चित्रपट, ऐतिहासिक लढायांचे प्रयोग यांना सूट आहे. घरी कपाट भरून ठेवणारा साधा हौशी संग्राहक मात्र त्या सवलतींच्या यादीत नाही. त्याने आधी जमवले ते त्याच्यापाशी राहू शकते. पण नवे घ्यायचे तर विकणार कोण, आणि आपले विकायचे तर कुणाला?

आम्हाला या माणसाची बाजू सहजासहजी झटकून टाकता येत नाही. कुणी नाणी जमवतो, कुणी टपालाची तिकिटे, कुणी अत्तराच्या रिकाम्या कुप्या. हौसेला कारण विचारू नये. नकलेच्या संग्राहकाला तर नेमके हुबेहूबपणच हवे असते. दुसऱ्या महायुद्धातल्या पिस्तुलाची जांभळी प्रतिकृती त्याच्या काय कामाची? त्याने कुणाला धमकावलेले नाही, कुणाला लुटलेले नाही. चोर दुसराच आणि हातकडी याच्या कपाटाला. एकाच्या गुन्ह्याचा जाब दुसऱ्या निरपराध माणसाला विचारणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला निराळे शिकवावे लागत नाही. त्यामुळे ‘सामान्य जनतेच्या भल्यासाठी’ म्हणून एखादा कायदा आला की आम्ही जरा सावध होतो. ही आमची सवय आहे म्हणा हवे तर.

तरीही या कायद्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, आणि ती आपल्या परंपरेतही आहे. प्रवासात झोपलेल्या एका सोबत्याची दोरी दुसऱ्याने थट्टेने उचलली, तो घाबरून जागा झाला, आणि पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी एका मुसलमानाने दुसऱ्याला घाबरवणे योग्य नाही असे बजावले, ही हदीस ‘अबू दाऊद’मध्ये आहे. दोरीने काही कुणाचा जीव जात नाही. पण भय ही स्वतःच एक इजा आहे, ते थट्टेतून आले म्हणून कमी होत नाही, हे त्या प्रसंगात मान्य झाले आहे. भावावर हत्यार रोखू नका, गंमतीनेही रोखू नका, हा आदेश तर बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत सापडतो. पहाटे दुकान उघडणाऱ्या माणसाच्या छातीला काळी नळी लावली, की ती आतून पोकळ आहे की भरीव, हे तो तपासू शकत नाही. त्याच्या घशाला पडलेली कोरड खरी असते. संग्राहकाची हौस आणि या माणसाची कोरड एका तराजूत घातली, तर विक्रीवर बंधन असावे, याच बाजूला आमचे मत झुकते. हौशी माणसावर थोडा अन्याय होतो हे मान्य करून झुकते.

भयाला रूप पुरते, याचा आपल्या उपखंडाने घेतलेला अनुभव तर इतिहासात नोंदला गेला आहे. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान हाशिम कुरेशी आणि त्याच्या साथीदाराने लाहोरला नेले. त्यांच्याजवळ एक नकली पिस्तूल आणि एक लाकडी हातबॉम्ब होता. प्रवासी सुखरूप सुटले, विमान जाळण्यात आले, आणि भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना जायला बंदी घातली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानमधला सरळ हवाई मार्ग त्या निर्णायक वर्षात बंद झाला तो असा. पाकिस्तानने कुरेशीला भारताचा हस्तक ठरवून तुरुंगात टाकले. 2000 साली तो भारतात परतला तेव्हा इथेही त्याला अटक झाली.

आता दुसरे विमान पाहू. 20 डिसेंबर 1978 रोजी लखनौहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान भोलानाथ पांडे आणि देवेंद्रनाथ पांडे या दोन तरुणांनी वाराणसीला उतरवले. मागणी होती इंदिरा गांधींच्या सुटकेची. त्यांच्याजवळची पिस्तुलेही खेळण्यातलीच निघाली. पुढे 1980 मध्ये दोघांनाही काँग्रेसने उत्तर प्रदेश विधानसभेची उमेदवारी दिली आणि दोघेही आमदार झाले.

दोन्ही प्रसंग सारखे आहेत असे आमचे म्हणणे नाही. एकात विमान परमुलखात गेले आणि जळाले, दुसऱ्यात ते देशातच राहिले आणि प्रकरण लवकर आटोपले. पण विमानात बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर? लहान मुलाला छातीशी धरून बसलेल्या बाईला ते पिस्तूल कोणत्या मागणीसाठी रोखले आहे याने काय फरक पडला असेल? तिच्यापुरते खेळणे एकच होते. फरक नंतर पडला, आणि तो पाडला पाहणाऱ्यांनी. एका खेळण्याला देशद्रोह म्हटले गेले, दुसऱ्याला तरुणांचा उतावळेपणा.

इथे आमची खरी अडचण सुरू होते. खोट्या बंदुकीचा कायदा रूपावर उभा आहे, आणि रूप पाहणारा डोळा सर्वांकडे एकसारखा पाहत नाही. अमेरिकेत 1988 पासून संघराज्याचा कायदा आहे की खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी टोक किंवा तशी ठळक खूण हवी. कल्पना चांगली आहे. बाजारातून अथवा मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, असे हदीसमध्ये सांगितले आहे, त्याच जातीची ही काळजी. पण 22 नोव्हेंबर 2014 रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात तामीर राइस हा बारा वर्षांचा काळा मुलगा बागेत मित्राची छर्र्यांची बंदूक घेऊन खेळत होता. तिचे नारिंगी टोक निघालेले होते. फोन करून पोलिसांना कळवणाऱ्याने बंदूक बहुधा खोटी असावी आणि मुलगा लहान असावा असेही सांगितले होते. ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाही. गाडी थांबल्यावर दोनेक सेकंदांत गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. त्याच राज्यात, त्याच वर्षी 5 ऑगस्टला, जॉन क्रॉफर्ड हा बावीस वर्षांचा काळा तरुण एका मोठ्या दुकानात विक्रीसाठी मांडलेली एअर रायफल हातात घेऊन फोनवर बोलत फिरत होता. तोही पोलिसांच्या गोळीने मेला. प्रौढ माणसाने खरी बंदूक उघडपणे घेऊन फिरणे ओहायोत कायदेशीर आहे, हे लक्षात घ्या. दोन्ही प्रकरणांत गोळी झाडणाऱ्या पोलिसांवर खटला उभा राहिला नाही. तामीरच्या बाबतीत पुढे 2017 मध्ये तो पोलीस नोकरीतून काढला गेला, पण कारण होते नोकरीच्या अर्जात दडवलेली माहिती.

आणि बंदुकीपुरतेच हे आहे असेही नाही. सप्टेंबर 2015 मध्ये टेक्सासमधल्या आयर्विंग इथे अहमद मोहमद हा चौदा वर्षांचा मुलगा घरी जुळवलेले घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत घेऊन गेला. ते खोट्या बॉम्बसारखे दिसते म्हणून त्याला हातकड्या घालून नेले. आरोप पुढे चालवला नाही. पण घड्याळाला नारिंगी टोक कुठे लावायचे?

रंगाचा नियम हा अर्धाच नियम आहे असे आम्हाला वाटते. तो धरणाऱ्याला सांगतो की तुझ्या हातातली वस्तू ओळखू येईल अशी ठेव. पाहणाऱ्यावर तो काहीच बंधन घालत नाही. ब्रिटनच्या लॉर्ड्सनी 2005 मध्ये निदान एका टोकाला रेघ मारली. एका चोराने जाकिटाच्या आत बोटे पुढे करून पिस्तूल असल्याचा आव आणला होता. खालच्या न्यायालयाने त्याला खोटी बंदूक बाळगल्याबद्दल दोषी धरले. लॉर्ड्सनी तो निकाल फिरवला, कारण स्वतःचे बोट कुणी ‘बाळगत’ नसतो, ते त्याचेच अंग असते. चोरीची शिक्षा चोरीसाठी द्या, बोटाला बंदूक म्हणू नका. आम्हाला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. पाहणाऱ्याचे भय कितीही खरे असले तरी त्या भयाने माणसाच्या अंगाची बंदूक होत नाही. दाढी, टोपी, पाठीवरची पिशवी यांच्याविषयी हेच म्हणायला कुणी न्यायमूर्ती बसलेले नसतात, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या मोहल्ल्याविषयी. 2015 च्या जुलैमध्ये ईदुल फित्रनंतर अफगाणिस्तानच्या गृहखात्याने छर्रे मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांवर बंदी घातली, कारण त्या ईदला शंभरावर लोक, बहुतेक मुलेच, डोळ्यांना इजा होऊन दवाखान्यात आले होते. ज्या देशात खरी बंदूक घरोघर, तिथे खोट्या बंदुकीवर बंदी, म्हणून तेव्हा काहींना हसू आले. आम्हाला नाही आले. आमच्याकडे ईदच्या दुपारी गल्लीत हेच पिवळे छर्रे पायाखाली येतात. कुणाचा डोळा अजून गेला नाही, हे नशीब. सरकारने बंदी घालावी असे आम्ही म्हणणार नाही. पोलीस खेळणी जप्त करायला पहिल्यांदा कोणत्या गल्लीत शिरतील याचा आम्हाला अंदाज आहे. म्हणून हे काम घरातल्यांनी आणि ईदच्या बाजारात हातगाडी लावणाऱ्या आपल्याच भाईंनी करायचे आहे. छर्र्यांची काळी बंदूक ठेवू नका, पाण्याची रंगीत पिचकारी ठेवा, एवढे त्यांना सांगता येईल. गाडीवाला म्हणेल, पोरे काळीच मागतात. मागतात, हे खरे आहे. पण लहानग्या बहिणीवर ती रोखली जाते तेव्हा ‘खेळ आहे’ म्हणून हसणारे आपणच मोठे असतो, आणि त्या वेळी ती दोरीची हदीस आपल्यापैकी कुणी सांगत नाही.