कर्त्याचा बहिरेपणा

घरांतील कर्त्या माणसास आज्ञा कोणीं करावी, हा प्रश्न आमच्या समाजांत जुना आहे. तो यंत्राच्या पोटांतही उभा राहावा आणि तेथें त्याचें कांहीं एक उत्तर ठरविलेलें आढळावें, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. विषय थोडा रूक्ष आहे. वाचकांनीं क्षणभर धीर धरावा, एवढीच विनंति.

संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक कामास प्रोसेस म्हणतात, व त्या सर्वांवर राज्य करणाऱ्या मूळ प्रोग्रामास कर्नेल. प्रोसेसला कांहीं कळवावयाचें तर कर्नेल तिला सिग्नल पोंचवितो. १५ व्या क्रमांकाचा टर्म हा निरोप आहे: आतां आवरतें घ्या. तो ऐकून प्रोसेस आपलें लिखाण पुरें करूं शकते, किंवा तो कानाआडही करूं शकते. ९ वा किल. त्यापुढें अपील नाहीं.

लिनक्स कर्नेलच्या २००८ च्या जानेवारींत निघालेल्या २.६.२४ या आवृत्तींत प्रोसेसच्या क्रमांकांस निरनिराळीं कुंपणें घालण्याची सोय झाली. आज ज्यास कंटेनर म्हणतात त्याचा हा एक पाया होय. कुंपणांत जी प्रोसेस प्रथम जन्मते ती आंतल्या आंत क्रमांक १ म्हणविते. बाहेर तिचाच क्रमांक चार हजार कांहीं असावयाचा. माणसांचेंही बहुधा असेंच असतें, पण तें असो.

या पहिलीस एक विलक्षण सवलत आहे. ज्या सिग्नलासाठीं तिनें स्वतः कान तयार ठेविला नसेल, तो तिला लागूच होत नाहीं. इतर प्रोसेस अशा टर्मनें तत्काळ मरते. ही जिवंत राहते. आंतल्या कोणीं तिच्यावर किल सोडला तरी तो व्यर्थ. उलट, ज्या प्रोसेसचे जनक आधीं मेले, त्या पोरक्या सामान्यतः हिच्याच पदरीं येतात, आणि त्या मेल्यावर त्यांची नोंद काढण्याचें अंत्यकर्मही हिचेंच. तें टाळलें तर मृतांचीं नांवें भुतांसारखीं यादींत साचत राहतात. आणि ही स्वतः मेली कीं कर्नेल कुंपणांतील यच्चयावत् प्रोसेसना किल धाडतो. एवढें कळलें म्हणजे सवलतीचें मर्म उमगतें. जिच्या मरणानें सारें घर मरतें, तिला भलत्यासलत्या निरोपानें मरूं देणें परवडत नाहीं. ही सवलत गौरवार्थ नव्हे, आश्रितांच्या रक्षणार्थ आहे.

परंतु पेंच येथेंच आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या दुकानाचा जमाखर्च अशाच कंटेनरांत चाले. तो बंद होण्यास दर वेळीं बरोबर दहा सेकंद लागत. यंत्र मंद असेल, असें ते समजत. वस्तुतः डॉकरची मूळ रीतच अशी कीं, आधीं टर्म पाठवावयाचा, दहा सेकंद वाट पाहावयाची, आणि मग किल. कुंपणाबाहेरून, वरून आलेला किल पहिलीसही चुकत नाहीं. येथें पहिली होती एक शेल. तिनें निरोप ऐकण्याची तजवीज केली नव्हती, आणि पुढें कळविण्याचीही नाहीं. प्रत्यक्ष जमाखर्च लिहिणारी तिची लेक ऐकावयास पूर्ण सिद्ध होती; तिच्यापर्यंत तो आलाच नाहीं. एका रात्रीं दिवसाची विक्री अर्धवट लिहिलेली तशीच गेली.

दोष कोणाचा? कर्नेल सर्वज्ञ आहे, त्यानें प्रत्येकीस परस्पर कां कळवूं नये, असें आम्हांसही प्रथम वाटलें. पण कोणीं आधीं आवरावें आणि कोणीं मागाहून, हें कर्नेलला ठाऊक नसतें. तें घरांतल्यासच कळावयाचें. शेल बिचारी दार उघडण्यापुरती आलेली. पहिलेपणा तिनें मागितला नव्हता. तिला त्या आसनावर बसवून, तुला ऐकतां येतें काय, हें ज्यानें विचारलें नाहीं, त्याच्याकडे आम्ही बोट दाखवूं. हेंच काम करण्यासाठीं लिहिलेला टिनी नांवाचा लहानसा प्रोग्राम आहे. २०१७ पासून तो डॉकरबरोबरच मिळतो, मात्र मागावा लागतो. न मागतां मिळावा, असें आमचें मत आहे.

स्नेह्यांनीं मधली शेल काढून टिनी बसविली. कंटेनर आतां क्षणांत मिटतो. हरवलेली विक्री त्यांनीं गिऱ्हाइकांस विचारविचारून जुळविली. सव्वादोनशें रुपयांचा मेळ अद्याप लागत नाहीं.