कपाटाची किल्ली

१९८४ च्या मे महिन्यात थोरले भाई कुवेतहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या सामानात व्हीसीआर होता. रत्नागिरीतल्या आमच्या मोहल्ल्यात तो काही पहिला नव्हता. आखातातल्या कमाईवर उभ्या राहिलेल्या चिऱ्याच्या घरांतून टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर एकामागून एक येतच होते. त्याच्याबरोबर पंचवीस-तीस कॅसेट आल्या. अब्बांनी निम्म्या फळीवर मांडल्या, उरलेल्या लोखंडी कपाटात ठेवल्या आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

ही निवड कोणत्या हिशेबाने झाली, हे कोणी विचारले नाही. 'शोले' फळीवर होता. गोळ्यांनी संपवलेले कुटुंब आणि तोडलेले हात आम्ही भावंडांनी त्या पावसाळ्यात कितीदा तरी पाहिले. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. 'बाजार' मात्र कपाटात होता. आखातातून आलेल्या पैसेवाल्या माणसासाठी गरीब घरातली कोवळी मुलगी निकाहाच्या नावाने विकत घेतली जाते, अशी सागर सरहदींच्या या १९८२ च्या चित्रपटाची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो, त्यामुळे किल्ली मला मिळे. रात्री सारे झोपल्यावर मी तो पाहिला, कॅसेट जागच्या जागी ठेवली आणि गप्प बसलो.

माझी बहीण तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्याच वर्षी तिला आखातात नोकरी करणाऱ्याचे स्थळ आले आणि तिची शाळा सुटली. तिचा नवरा भला माणूस निघाला, संसार नीट झाला, हे आधीच सांगतो. पुढे चाळिशी उलटल्यावर तिने टीव्हीवर तो चित्रपट पाहिला आणि मला म्हणाली, "भाई, हा सिनेमा माझ्यासाठी होता. आणि घरात मलाच तेवढा दाखवला नाही." अब्बा तेव्हा हयात नव्हते. उत्तर मलाच द्यायचे होते. ते माझ्याकडे नव्हते.

म्हणून कुलूपच वाईट, असे मी बरीच वर्षे मानत आलो. आता तितक्या खात्रीने म्हणवत नाही.

माझ्या लेकीच्या घरी जावयाने चारेकशे चित्रपट एका छोट्या संगणकात साठवले आहेत. घरातला प्रत्येक जण आपापल्या खात्यातून ते टीव्हीवर पाहतो. मुलांच्या खात्यात काही चित्रपट दिसतच नाहीत. आमच्या कपाटाला निदान दार होते. आत काहीतरी आहे आणि ते आपल्याला मिळत नाही, एवढे बहिणीला ठाऊक होते. आजच्या मुलाला कपाट आहे हेही कळत नाही.

माझ्या तेरा वर्षांच्या नातीला ते कळले. तिने मला विचारले, "नाना, अम्मीच्या यादीत 'गर्म हवा' आहे. माझ्या यादीत का नाही? शाळेत फाळणीचा धडा झाला की आमचा!" फाळणीनंतर आग्र्यात मागे राहिलेल्या मुस्लिम कुटुंबाची ही कथा. दंगा होईल या भीतीने सेन्सॉरकडे हा चित्रपट काही महिने अडकला होता. मला वाटले, अब्बांची किल्ली आता लेकीच्या हातात आली. मी तिला तसे बोललोही. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, त्यातली मुलगी शेवटी जीव देते. हिच्या वयाला ते कसे लागेल, मला ठाऊक नाही. भीती फाळणीची नाही, त्या एका प्रसंगाची आहे."

मी निरुत्तर झालो. तिचे कुलूप अब्बांच्या कुलपासारखे नव्हते.

चित्रपट माणसाला पुस्तकापेक्षा वेगळा धरतो, हे खोटे नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या माहितीपटाला सेन्सॉरने 'यू' प्रमाणपत्र नाकारले. मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्ये अडचणीची ठरली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने काटछाट न करता 'यू' देऊ केले, तरी तत्त्वासाठी ते लढले. १९७० साली सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांच्या पीठाने निकाल दिला. चित्रपटाचा परिणाम इतर कलांहून तीव्र असतो, म्हणून पूर्वतपासणी आणि वयानुसार वर्गवारी घटनेत बसते, असे न्यायालयाने मानले. अब्बास ते तत्त्व हरले. पण दाद मागण्यासाठी स्वतंत्र जागा हवी, हे सरकारला त्याच खटल्यात मान्य करावे लागले.

तेव्हा 'यू' आणि 'ए' एवढेच दोन वर्ग होते. १९८३ मध्ये 'यूए' आले. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचेही सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे केले. मूल एका रात्रीत मोठे होत नाही, हे ओळखायला कायद्याला इतकी वर्षे लागली. घराने ते आधी ओळखायला हवे.

मला वाटते, घरातल्या प्रत्येक कुलपाला तीन प्रश्न विचारावेत. ते कधी उघडणार, हे ठरले आहे का? ते मुलाला आणि मुलीला सारखेच आहे का? आणि ज्याच्यासाठी लावले, त्याला कारण सांगता येते का? अब्बांचे कुलूप तिन्हींत नापास होते. अब्बा क्रूर नव्हते, त्यांचे बहिणीवर आमच्याहून अधिक प्रेम होते. पण ते मुलीला चित्रपटापासून जपत नव्हते. ते घराला मुलीच्या प्रश्नापासून जपत होते. मुले ही अमानत आहेत असे आपण म्हणतो. अमानत सांभाळायची ती परत करण्यासाठी, आणि मुलांच्या बाबतीत ती त्यांची त्यांनाच परत करायची असते.

लेकीने नातीला जवळ बसवून खरे कारण सांगितले. नातीने ऐकून घेतले आणि लगेच उलट विचारले, "मग छोट्याच्या यादीत ते रक्ताचे, मारामारीचे सिनेमे कसे?" छोटा अकरा वर्षांचा. अपील मंजूर झाले, त्याचे पाच चित्रपट गेले आणि तो दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही. 'गर्म हवा' तिच्या पंधराव्या वाढदिवसानंतर सर्वांनी मिळून पाहायचा ठरला आहे. तारीख तिने स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे.

त्या दिवशी मी माझ्या बहिणीलाही बोलावणार आहे.