वेलीचा वंश कोणाच्या हाती?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या 'एआरआय-516' या द्राक्षवाणात दोन प्रजाती एकत्र आल्या आहेत: अमेरिकी जातकुळीची 'कटावबा' आणि युरोपीय जातकुळीची 'ब्यूटी सीडलेस'. असा संकर करायचा तर इवलीशी कळी उमलण्याआधी चिमट्यानं तिची टोपी काढायची, परागकोश खुडायचे, दुसऱ्या वेलीचे पराग ब्रशनं टेकवायचे आणि घडावर कागदी पिशवी चढवायची. सृष्टीनं वेगळं ठेवलेलं असं जुळवण्याचा माणसाला अधिकार आहे का?

ज्यू धर्मशास्त्रानं हा प्रश्न फार पूर्वी घेतला. द्राक्षमळ्यात दुसरं बियाणं पेरायलाही तोरा या धर्मग्रंथात मनाई आहे. जाती मिसळणारा ईश्वराची निर्मिती अपुरी मानतो, असं 13व्या शतकातले भाष्यकार नाहमानिदेस म्हणतात. खेचराला संतती होत नाही, याकडेही ते बोट दाखवतात. आक्षेप वजनदार आहे. पण या दोन वेलींना तो लागू पडत नाही. दोघींचीही गुणसूत्रं 38 आणि संकरित रोपंही फळती. त्यांना वेगळं ठेवलं ते महासागरानं.

खरा हस्तक्षेप आधीच झालेला आहे. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाच्या मण्यात फलन होतं, गर्भ धरतो आणि कोवळेपणीच मरतो. वेल वाढते ती फक्त काडीनं, डोळ्यानं, म्हणजे शतकानुशतकं तीच वेल. तास-ए-गणेश, सोनाका हीसुद्धा तिचीच फुटलेली रूपं. योगदर्शनात क्लेशांचं बी भाजलं गेलं की साधक सुटतो. वेलीचं बी विरलं तरी तिला अशी सुटका नाही, खरड छाटणी आणि गोडी छाटणी चुकत नाही. तिकडे वेलीवर डाऊनी रोग आणणारी बुरशी पिढ्यांमागून पिढ्या बदलत राहते. मग फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की बागायतदार रात्रीसुद्धा फवारणीचा ब्लोअर जोडतो.

वेलीचा वंश आपल्या जिभेसाठी थांबवायचा आणि तिला प्रतिकार देणाऱ्या संकराला मात्र अधर्म म्हणायचं, हा न्याय नाही. डाऊनीसोबत अमेरिकेत वाढलेल्या प्रजातींकडे तो प्रतिकार आहेच. दोन्ही पालक बिनबियांचे असले, तर गर्भ मरण्याआधी मण्यातून काढून नळीत वाढवावा लागतो. अमेरिकेत फ्रेस्नो इथं 1980च्या दशकात ते साधलं.

तरीही नवा वाण पुढे काडीनंच वाढणार, म्हणजे तोही आहे तिथंच थांबणार. बुरशी थांबणार नाही. त्यामुळे एक वाण प्रसारित केला की जबाबदारी संपली, असं संशोधकांना आणि त्यांना निधी देणाऱ्या सरकारला मानता येणार नाही.