उजवीकडचा ट्रक

विमान थांबलं होतं, पण त्याची चारही इंजिनं चालू होती. कॅनडातल्या एका विमानतळावर पंखांवरचा बर्फ असाच उतरवतात. प्रवासी आत बसलेले, दारं बंद, आणि दोन्ही बाजूंनी ट्रक पुढे सरकतात. ट्रकच्या लांब हाताच्या टोकाला पाळणा, पाळण्यात माणूस. तो आधी गरम नारिंगी द्राव मारतो, ग्लायकॉल आणि पाण्याचा. त्याने साठलेला बर्फ उतरतो. मग घट्ट हिरवा द्राव, नवा बर्फ धरू नये म्हणून. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनहून पंखांवर बर्फ घेऊनच उडालेलं विमान पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. ७८ माणसं गेली. म्हणूनच या कामात हयगय चालत नाही.

त्या रात्री वैमानिकाशी बोलायची जबाबदारी नाशिकहून आलेल्या एका तरुणाकडे होती. शेजारी डोंबिवलीचे काका. त्यांची सारी नोकरी याच कामात गेलेली.

दोन्ही बाजूंचे फवारे थांबले. हेडफोनमध्ये वैमानिकाचा आवाज आला, "झालं का?"

मुलाचा हात बटणाकडे गेला.

"उजवीकडचा ट्रक सुरक्षित रेषेबाहेर आला?" काकांनी विचारलं.

"फवारा केव्हाच थांबलाय, काका."

"फवाऱ्याचं नाही विचारलं मी."

समोर बर्फ इतका दाट पडत होता की विमानाची शेपटी दिसत नव्हती. मुलाने उजवीकडच्या ट्रकला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाहीच. वैमानिकाने परत विचारलं. त्याचीही घाई खोटी नव्हती. हिरव्या द्रावाचा असर ठरावीक वेळच टिकतो, आणि बर्फ जोरात पडत असला की ती वेळ आणखी आखडते.

"काका, वेळ टळली तर सगळं पुन्हा मारावं लागेल. मागे रांग लागलीये."

"लागू दे. मिराबेलचं ठाऊक आहे तुला?"

मुलाला ठाऊक नव्हतं. काकांनी थोडक्यात सांगितलं. माँट्रियलजवळचा मिराबेल विमानतळ, २१ जानेवारी १९९५. असंच चालू इंजिनांचं ७४७, शेपटीपाशी दोन ट्रक. बर्फ काढून झाल्याचं रेडिओवर ऐकू आलं, वैमानिकांनी त्यावरून वाट मोकळी आहे असं धरलं आणि विमान हललं. शेपटीचे आडवे पंख ट्रकच्या हातांवर आदळून दोन्ही ट्रक उलटले. पाळण्यातली तिघं मेली.

"काम झालं होतं रे त्यांचं," काका म्हणाले. "माणसं बाहेर आली नव्हती."

मुलाने बटण दाबलं आणि वैमानिकाला सांगितलं, "थांबा. ट्रक अजून आत आहे. ब्रेक सोडू नका."

बऱ्याच वेळाने उजवीकडून आवाज आला. पाळणा खाली येत नव्हता. माणूस शेपटीच्या उंचीवरच अडकला होता, आणि चालक त्याच्याशी बोलण्यात गुंतला होता. शेवटी पाळणा उतरला, ट्रक मागे हटला, रेषेपलीकडे गेला. मुलाने दोन्ही ट्रक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, माणसं मोजली, मगच वैमानिकाला वाट मोकळी असल्याचं सांगितलं.

तोवर द्रावाची वेळ टळली होती. ट्रक पुन्हा पुढे गेले, पंख पुन्हा धुतले, विमानाला मोठा उशीर झाला. प्रवासी वैतागले, विमान कंपनीने जाब विचारला. उशिराच्या नोंदीत मुलाने लिहिलं: ट्रक बाहेर आल्याची खात्री होईपर्यंत थांबलो. खाली काकांनीही सही केली. पाळण्यातला माणूस पाळी संपवून घरी गेला. काही घडलंच नाही, म्हणून त्या रात्रीची बातमी कुठे आली नाही.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण चालू इंजिनांच्या विमानाजवळ काम करणाऱ्यांना असलेला धोका केवळ बर्फाच्या देशातला नाही. बोइंग ७३७ सारख्या विमानाचं इंजिन अगदी मंद चालत असलं तरी त्याच्या तोंडासमोरचा सुमारे तीन मीटरचा टापू माणसाने टाळायचाच असतो. १६ डिसेंबर २०१५ ला आपल्या मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला आणि जागीच गेला.

हिवाळ्यात लेकीकडे, मुलाकडे टोरोंटो-माँट्रियलला जाणाऱ्या आईवडिलांनो, पंख धुऊन झाल्यावरही विमान जागचं हललं नाही, तर विमानातल्या कर्मचाऱ्यांवर चिडू नका. बाहेरच्या माणसांना रेषेपलीकडे जायला लागेल तेवढा वेळ द्या.